शॅरनच्या वतीनं

खर्ड्याच्या पेठेत शांतवन साळवे याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की आसपासच्या वस्त्यांवरचे शेतकरी ती मोटरसायकलवर आडवी बांधून त्याच्याकडं आणतात. हात चांगला, बोलणं बेताचं, रविवारी दुकान बंद आणि चर्चला हजेरी. गावात त्याच्याविषयी वाईट बोलणारं कुणी सापडायचं नाही. त्यामुळं त्याला आतून काय खात होतं, हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

थोरली जास्मिन झाली तेव्हा त्याची बायको शॅरन जामखेडला माहेरी होती. सकाळपासून कळा चालू होत्या. दुपारी हॉस्पिटलमधून सासूबाईंचा, हन्नाबाईंचा, फोन आला. पोरगी थकलीय. डॉक्टर म्हणतात, अजून वाट बघता येईल, नाहीतर सिझर करू. काय सांगू?

शांतवन एका वस्तीवर विहिरीच्या काठावर उभा होता. मोटार साखळीला लटकत होती आणि शेताचा मालक घाई करत होता.

"करून टाका की. उगं कशाला लांबवायचं?" तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला. शॅरनकडं फोन द्या, असं म्हणायचं त्याला सुचलंच नाही. काम उरकून घरी गेला, जेवला, झोपला आणि दुसऱ्या दिवशी जामखेडला पोचला. शॅरन कुशीवर पडून होती. पोरीकडं बघत ती एवढंच म्हणाली, "तुमी आला असता तर मी अजून थांबले असते."

पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. त्यानंही काढला नाही. पण टाक्यांवर हात धरून ती खाटेवरून उठायला लागली, की तो काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचा. पुढं टाके भरून आले, जास्मिन पळायला लागली, शॅरन बालवाडीत शिकवायला जायला लागली. त्याच्या मनात मात्र तिचं ते वाक्य तसंच राहिलं. वायर गुंडाळताना, मोटारीचं झाकण काढताना, कधीही यायचं.

जास्मिन चार वर्षांची झाली आणि शॅरनला पुन्हा दिवस राहिले. तिनं त्याला सांगितलं, "या येळी मला कळा देऊन बाळंत व्हायचंय. दुखणं मारायचं इंजेक्शन बी नको. जमतंय का बघू."

जामखेडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं. पहिलं सिझर असलं तरी प्रयत्न करता येईल, म्हणाल्या, पण जुन्या टाक्यांची जोखीम असते. कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही, थेट इथं यायचं. ऑपरेशनची तयारी ठेवूनच पुढं जायचं.

शांतवनला वाटलं, देवानं आपल्याला परतफेडीची संधी दिली.

जयाताई नावाच्या निवृत्त नर्स जामखेडला चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी गरोदर बायकांचा वर्ग घ्यायच्या. सगळ्या जातीधर्माच्या बायका यायच्या. सतरंजीवर बसून श्वास कसा सोडायचा, कळ आली की भिंतीला टेकून कंबर कशी हलवायची, कधी चालायचं, कधी कुशीवर पडायचं, हे त्या शिकवायच्या. नवऱ्यांनीही यावं, असं त्या दरवेळी म्हणायच्या. आला एकटा शांतवन. पहिल्या दिवशी बायका पदराआड हसल्या. तो खाली मान घालून बसला, पण उठला नाही. तळहाताच्या टाचेनं माकडहाडावर दाब कसा द्यायचा, ते त्यानं शिकून घेतलं. मोटारी उचलून घट्ट झालेले त्याचे हात बघून जयाताई म्हणाल्या, "जरा हलकं, साळवे. बायकोची पाठ आहे ती."

घरी त्यानं सगळंच हातात घेतलं. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून तो तिला चालायला न्यायचा. पाय सुजले तरी, "आज अर्धंच जाऊ, पण जाऊ," म्हणायचा. खजूर आणायचा, तूप आणायचा, श्वासाचा सराव चुकला की आठवण करायचा. दुकानात गिऱ्हाइकांनाही सांगायला लागला, "आमच्या घरी बिनऔषधाचं बाळंतपण होणार." कमी बोलणारा माणूस या एका विषयावर थांबेना.

एकदा चालता चालता शॅरन दगडावर टेकली. "आन मला न्हाईच जमलं तर?"

"असं तोंडातून काढायचं न्हाई," तो म्हणाला. "मी हाय ना."

तिनं आणखी काही बोलायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं. त्याला वाटलं, आपण तिला धीर दिला.

कळा सुरू झाल्या त्या रविवारी, चर्चला निघायच्या तयारीत असताना. शेजाऱ्याच्या गाडीतून ते जामखेडला पोचले. जास्मिनला आजीकडं सोडलं. सुरुवातीला सगळं शिकवल्यासारखं चाललं. शॅरन व्हरांड्यात चालली, श्वास मोजून सोडला, कळ आली की खिडकीची दांडी धरून वाकली आणि शांतवननं कंबर दाबली. डॉक्टरीणबाई मधूनमधून येऊन बाळाचे ठोके बघून जात. "छान चाललंय," म्हणत. ते ऐकून शांतवनचाच ऊर भरून यायचा.

दुपार कलली आणि कळांचा जोर वाढला. शॅरनला श्वास मोजता येईना. घामानं केस चिकटले, ओठ कोरडे पडले. दोन कळांच्या मध्ये ती म्हणाली, "मला इंजेक्शन द्यायला सांगा."

"थोडंच राह्यलंय. आपलं ठरलंय ना?"

"न्हाई सोसवत आता."

"श्वास घे. जयाताईंनी सांगितलं तसा घे."

पुढची कळ आली तशी ती ओरडली. नर्स आत आली. "काय हो, दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन हवंय का? डॉक्टरांना विचारू?"

"नको," शांतवन म्हणाला. "तिला नकोच हाय ते. तिनंच ठरवलंय."

शॅरननं मान वळवली. त्याच्याकडं तिनं असं कधी बघितलं नव्हतं. आवाज चढवायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

"तवा बी माझ्या वतीनं तुमीच बोलला हुता," ती म्हणाली.

शांतवनचा हात तिच्या पाठीवरून गळून पडला. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं, की आपण तिथं नव्हतो हा आपला गुन्हा. या वेळी तो तिथंच होता, तिच्या अंगाला लागून, आणि तरी तेच केलं होतं. त्याला तोंड लपवायलाही जागा दिसेना.

"सिस्टर," तो नर्सकडं वळला, "माझं ऐकू नका. ती काय म्हणती ते ऐका."

डॉक्टरीणबाई आल्या. तपासून त्यांनी शॅरनलाच सांगितलं, अजून बराच वेळ आहे, आत्ता इंजेक्शन दिलं तर चालेल, उशीर झाला तर देता येणार नाही. "तुझं काय म्हणणं?"

"द्या," शॅरन म्हणाली.

इंजेक्शननंतर तिला जरा गुंगी आली. कळांच्या मध्ये ती डोळे मिटून पडायची. शांतवन उशाशी उभा होता, पण हात लावायचं धाडस होत नव्हतं. तिनंच एकदा त्याचं मनगट ओढून कमरेवर नेलं. अंधार पडायच्या आधी मुलगा झाला, ऑपरेशन न करता. रडला खणखणीत.

दुसऱ्या दिवशी हन्नाबाई घरी डबा करायला गेल्या आणि खोलीत दोघंच उरले. शॅरन म्हणाली, "चुकलंच माझं. तुमी एवढं केलं, दुकान बंद ठेवलं, आन मी शेवटी इंजेक्शन घेतलंच."

ती माफी मागत होती. त्याच्याकडं. शांतवनला ते कानांनी ऐकवेना. आपण हिला कुठल्या शर्यतीला लावलं होतं? आणि कुणाच्या पापासाठी?

मग इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं. "जास्मिनच्या येळी काय झालं हुतं? मला सांग."

शॅरननं सांगितलं. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, जावई हो म्हणतात, आणि लगेच सगळ्यांची पळापळ सुरू झाली. "थोडं थांबा," असं ती दोनदा म्हणाली, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. टेबल गार होतं. थंडीनं दात वाजत होते. पोरीचं रडणं ऐकू आलं तेव्हा आनंद व्हायच्या आधी तिला राग आला होता, आणि त्या रागाचीच तिला इतकी वर्षं लाज वाटत होती.

"मी लई वाईट वागलो," शांतवन म्हणाला.

"व्हय," शॅरन म्हणाली. मग बाळाला त्याच्या हातात देऊन ती भिंतीकडं तोंड करून झोपली.

घरी आल्यावर शेजारच्या रतनबाई बाळ बघायला आल्या. शांतवन अंगणात दुपटी धूत बसला होता. "काय रं, बिनऔषधाचं झालं का मग?" त्यांनी जाता जाता विचारलं. गावभर सांगितलेलं त्याचं त्यालाच ऐकावं लागलं.

"ते तिलाच इचारा, मावशी."

रतनबाई आत गेल्या. शॅरनचा आवाज बाहेर येत होता. इंजेक्शन घेतलं, ते का घेतलं, सगळं तिनं न लाजता सांगितलं. मग रतनबाईंनी विचारलं, "आन पहिल्या येळी गं सिझर कशापायी केलं?"

शांतवनचे हात थांबले. ती झाकून नेईल, असं त्याला क्षणभर वाटलं. झाकून न्यावं, असंही वाटलं.

"तवा मला कुनी इचारलंच न्हाई, मावशी," शॅरन म्हणाली.

शांतवननं दुपटं पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं.