जोडमूळ

कुंडलचे माझे चुलत सासरे, आण्णा, आकड्यांवर जेवढा जीव लावतात तेवढा त्यांनी माणसांवर लावला असता, तर एव्हाना ते आमदार झाले असते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ऊस आहे, म्हैस आहे. पण आकडा दिसला की आधी त्याला कशानं भाग जातो ते बघायचं. विश्रामबागेत आमच्याकडे आले की गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर फोडत बसतात. मी नवी गाडी घेतली, तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "जावईबापू, तेरानं भाग जातोय हिला. चालायचंच." ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, ती मूळ संख्या. तिच्यापुढं आण्णा जवळजवळ सावधानमध्ये उभे राहतात.

त्यांचा स्वतःचा सैन्यातला सात आकडी नंबर मूळ आहे. सव्वीस लाखांच्या आसपासचा हा नंबर त्यांनी सोळाशे नऊपर्यंतच्या एकूण एक मूळ संख्येनं भागून पाहिला; एवढ्या आकड्याला त्यापुढं बघायची गरज नसते. हातानं, दिवसाला एकच भागाकार. मोबाईलवर लगेच कळेल म्हटलं, तर म्हणाले, "मग सकाळी उठून आमी करायचं काय?"

पुढं त्यांनी दोननं मागचा नंबर घेतला. तो माण तालुक्यातल्या त्यांच्या दोस्ताचा. भरतीच्या रांगेत दोघांच्या मधे एकच माणूस होता. तो कोण, असं मी विचारलं. "सम हुता. सोडा त्येला." दोन मूळ संख्यांत दोनचाच फरक असला, तर त्यांना जोडमूळ म्हणतात. आण्णांना ही जोडी हवी होती, कारण दोस्त आठ वर्षं बोलत नव्हता. धाकट्या पोरीच्या लग्नात आण्णांनी साऱ्या पाहुण्यांना फेटे बांधले, व्याह्यांच्या ड्रायव्हरलासुद्धा. आणि हा घरचाच म्हणून नेमका राहिला. तो न जेवता दहिवडीच्या एसटीत बसला. चूक आपली, हे आण्णांना पक्कं ठाऊक; पण फोन करायचं धाडस होईना. "जोडमूळ निघालं तर लावतो फोन," त्यांनी मला सांगितलं. "न्हाई निघालं, तर देवाच्याच मनात न्हाई."

मी गुपचूप मोबाईलवर बघितलं. दोस्ताच्या नंबराला सोळाशे नऊनं भाग जातो. म्हणजे अगदी शेवटच्या भागाकाराला! आता हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तो भागाकार येणारा दिवस मोजून काढला, रजा टाकली आणि कुंडल गाठलं.

आण्णांनी धार काढली, चष्मा पुसला, वही उघडली. भागाकार एकेक पायरी खाली उतरला आणि शेवटच्या ओळीवर पेन्सिल थांबली. बाकी शून्य येत होती. शेजारी बसलेल्या मलाही दिसत होतं. या माणसाचा भागाकार चुकलेला मी कधी पाहिला नाही. मग त्यांनी रेघेखाली सावकाश, चांगला ठळक एक काढला.

"एक उरला बगा," माझ्याकडं न बघता ते म्हणाले.

"व्हय आण्णा," मी म्हणालो.

"मग लावा फोन."

मी नंबर लावून मोबाईल त्यांच्या कानाला धरला. पलीकडून "कोन?" आलं, आणि आण्णांनी आपला सैन्यातला नंबर सांगितला.