कुत्र्याची छत्री आणि चांदीचं जोडवं

धर्मापुरीच्या माळावर कुत्र्याच्या छत्र्या दिसल्या की मी आजही पायानं मोडत जाते. भाकरीएवढ्या पांढऱ्या, वर तपकिरी खवले, खालून हिरवट झाक. मेल्या इतक्या देखण्या की रागच येतो. आता कंबर साथ देत नाही, तरी मोडल्याशिवाय पाय पुढे निघत नाही.

मोगलाईतली, निजामाच्या राज्यातली गोष्ट. थोरल्या जाऊबाईंना बऱ्याच वर्षांनी दिवस गेले आणि डोहाळे लागले अळंबीचे. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मेंढरांमागे डोंगरात गेल्या तेव्हा ओटीभर घेऊन आल्या. पारखायची रीत ठरलेली: कालवणात चांदी टाकायची, काळी पडली तर विष. आत्याबाईंनी पायातलं जोडवं काढून उकळीत सोडलं आणि त्या शेळ्या बांधायला बाहेर गेल्या. मी चुलीपुढून हलले नाही. जाऊबाई पलीकडे ओसरीत पडून होत्या. मीच पळीनं जोडवं काढलं ते लख्ख पांढरं. पहिलं ताट डोहाळकरणीचं.

पुरुषमाणसं रानातून परतायच्या आतच जाऊबाईंना ओकाऱ्या सुरू झाल्या. मोमिनाबादचा दवाखाना बैलगाडीनं गाठला. जाऊबाई वाचल्या, पोटातलं गेलं. पुन्हा त्यांना दिवस राहिले नाहीत.

आत्याबाईंनी ते जोडवं परत पायात घातलं नाही. दळताना, धार काढताना एकच विचारायच्या, "काळं कावून पडलं न्हाई गं?" आधी मी समजूत घालायची, मग वैतागायची, शेवटी नुसती मान हलवायची. खरं सांगते, त्या प्रश्नानं मी थकून गेले होते.

पुढे आत्याबाईंनी अंथरूण धरलं. पाण्याचा घोटही घेईनात, तोंडी तेवढा प्रश्न. जाऊबाई पाय चेपत होत्या. चेपता चेपताच म्हणाल्या, "काळंच पडलं हुतं, आत्याबाई. तुमी भाईर गेलता तवा म्याच काढलं, राखेनं घासलं अन् परत टाकलं. खायाची लई हाव हुती मला."

आत्याबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "आगं, मंग तवाच सांगायचं न्हाई का," म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

पाणी मीच पाजलं. त्या दिवशी चुलीपुढे मीच होते, जाऊबाई ओसरीतून उठल्याच नव्हत्या. जाऊबाई खाली मान घालून पाय चेपत राहिल्या.