आबा धम्मवर्गाला येतात

पंचशील म्हणजे पाच वाक्यं. पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. पण माणसं ती खरोखर पाळायला बसली की दर आठवड्याला एक किस्सा तयार होतो. भिंगारच्या आमच्या विहारात मी रविवारी धम्म परिचयाचा वर्ग घेते. आता हे किस्से इतके साठलेत, की लग्नात पंगतीला बसले तरी शेजारीण आधी विचारते, "ताई, वर्गात नवीन काय?"

वर्ग सुरू व्हायचं कारण साधं. भन्तेजी महिन्यातून एकदा येतात, पौर्णिमेला. वंदना सगळ्यांना तोंडपाठ, पण अर्थ विचारला की सगळे एकमेकांकडे बघतात. मी शाळेत शिकवते, म्हणून कमिटीनं हे काम माझ्या गळ्यात घातलं. "तुम्हाला फळ्यावर लिहायची सवय आहे," असं अध्यक्ष म्हणाले. फळा मात्र कमिटीनं अजून आणलेला नाही.

* * *

पहिलं शील, प्राणिहत्या करणार नाही. आमच्या वर्गात दिलीप आहे, त्याचं नाक्यावर चिकन सेंटर. त्याला न दुखवता सम्यक आजीविका, म्हणजे कुणाचा जीव न घेता पोट भरणं, कशी समजावायची, या काळजीनं मी आदल्या दिवशी नीट जेवलेसुद्धा नव्हते.

दिलीपनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, मी मारत न्हाई. नोकर मारतो."

"आणि नोकराला पगार कोण देतं?"

"बायको," तो म्हणाला. "गल्ला तिच्याकडं असतो."

पुढच्या रविवारपासून त्यानं बायकोलाही वर्गाला आणायला सुरुवात केली.

* * *

चौथं शील, खोटं बोलणार नाही. हे मी सगळ्यांना आठवडाभर पाळायला सांगितलं. कमलताई घरोघर साड्या विकतात. पुढच्या रविवारी त्या पडलेल्या चेहऱ्यानं आल्या.

"ताई, सोमवारी धंदा झाला न्हाई. मंगळवारी झाला न्हाई. गिऱ्हाईक विचारतं रंग जाईल का, आन् मला जाईल म्हनावं लागतं."

"मग?"

"बुधवारपासून मी मौन धरलं. रंग जाईल का म्हनलं की नुसती हसते."

धंदा पुन्हा नीट चालू झाला म्हणे. शील मोडलं की राहिलं, यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. मी निकाल दिला नाही, कारण माझ्या अंगावर त्यांच्याकडचीच साडी होती.

* * *

अनित्यता शिकवली त्या आठवड्यात याच कमलताईंच्या सुनेच्या हातून नवा कप फुटला. सून वर्गात नियमानं येते. तिनं तुकडे गोळा करता करता सांगितलं, "सगळंच अनित्य असतं, आत्या."

कमलताई म्हणाल्या, "असतं ना. पन जरा दम धरावा. कालच आनलाय."

* * *

साहेबराव आबा लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मिशा पांढऱ्या, झुपकेदार, आणि त्यांना रोज तेल. ते राहतात माझ्या घरासमोरच. पहिल्यांदा वर्गाला आले ते मागे भिंतीला टेकून बसले.

त्या दिवशी आनापान होतं. डोळे मिटायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघत राहायचं. सगळे गप्प बसलेले असताना मागून आवाज आला, "ताई, सर्दी झालीय. उजवं नाक बंद हाय. डावीकडनंच बघू का?"

बघा म्हटलं.

वर्ग सुटल्यावर मी विचारलं, "आबा, आज इकडं कसं काय?"

"नितीनचं चुकलं का माझं, ते बघायला आलोय," ते म्हणाले.

* * *

नितीन म्हणजे त्यांचा मुलगा. त्या दोघांत काय झालं होतं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.

आबांची बायको गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर नितीननं आईची पेटी आवरायला घेतली. तळाशी साडीच्या घडीत देवाचे दोन टाक निघाले. चांदीचे, झिजलेले, तिच्या माहेरून आलेले. घर आजोबांच्या काळापासून बौद्ध, नितीन स्वतः विहाराच्या कामात पुढे. त्यानं ते टाक उचलले आणि कुणाला न विचारता नदीत सोडून आला. आबांना संध्याकाळी कळलं. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद.

घर एकच, तवा एकच. निरोप सुनेमार्फत. आबा ओसरीवरून म्हणणार, "रेखा, त्याला सांग पान्याची मोटार बंद कर." नितीन मोटारीपाशीच उभा असणार. रेखा सांगेपर्यंत तो बंद करत नाही. टाकी भरून पाणी आमच्या दारापर्यंत येतं.

मी आबांना म्हटलं, "आबा, देव मानणार नाही, अशा आपल्या बावीस प्रतिज्ञा बघितल्या तर नितीन बरोबर आहे."

"ते मला म्हाईत हाय," आबा म्हणाले. "देव माझे न्हवते, ताई. पन ती माझी हुती."



* * *

मैत्रीभावनेला चार पायऱ्या. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जवळच्या माणसाचं, मग नुसत्या ओळखीच्या माणसाचं, आणि शेवटी ज्याच्याशी जमत नाही त्याचं.

दिलीपनं डोळे न उघडता विचारलं, "ताई, चवथ्या जागी एकच मानूस घ्यायचा का? माझ्याकडं बरेच हायेत."

हसणं थांबलं तेव्हा बघते तर आबा जागेवर नाहीत. बाहेर पायरीवर बसून चपला घालत होते.

"काय झालं, आबा?"

"तिसऱ्या पायरीपातुर आलो," ते म्हणाले. "म्होरची लई उंच हाय."

* * *

उन्हाळ्याच्या सुट्टीत विहारात श्रामणेर शिबिर झालं. म्हणजे काही दिवसांसाठी भिक्षू व्हायचं. डोक्याचे केस, दाढी काढायची, चीवर घालायचं, विहारातच राहायचं. सगळ्यात आधी नाव दिलं आबांनी.

"मिशी ठेवली तर चालंल का?" त्यांनी भन्तेजींना विचारलं.

भन्तेजी म्हणाले, "मिशीला घरी ठेवून या."

आबांनी ती कशी उतरवली ते मी बघितलं नाही. न्हावी सांगतो, आरसा दाखवला तर आबांनी उलटा करून ठेवला.

* * *

शिबिरात रोज सकाळी भिक्षाटन. श्रामणेर अनवाणी, एका रांगेत, खाली बघत चालतात. नियम कडक. घरच्यांशी बोलायचं नाही, काही मागायचं नाही. दारापुढे थांबायचं, कुणी वाढलं तर घ्यायचं, नाही वाढलं तर पुढे जायचं. आणि वाढणाऱ्यानं आधी पाया पडायचं. चीवरातला माणूस आपला धाकटा भाऊ असो नाहीतर रोजचा उधारीवाला.

दिलीपच्या दुकानापुढे रांग आली तेव्हा त्यानं शटर खाली ओढलेलं होतं आणि बाहेर स्टुलावर केळ्यांची फणी ठेवून स्वतः हात जोडून उभा होता. आत कोंबड्या ओरडत होत्या. रांग केळी घेऊन पुढे गेली.

मग आमची गल्ली. आबांच्या घरापुढे रांग थांबली आणि नेमके आबाच दारासमोर आले. रोज रेखा वाढते. त्या दिवशी आतून तिचा आवाज आला, "माझे हात पिठात हायेत. तुम्ही वाढा."

बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. पुढचा श्रामणेर हळूच मागे वळून बघायला लागला. आबा पात्र धरून खाली बघत उभे. नियमाप्रमाणे आता निघायला हवं होतं, पण ते निघेनात. मी समोर माझ्या दारात झाडू घेऊन उभी होते. झाडायचं विसरले होते.

नितीन बाहेर आला. ताटात भाकरी आणि वांग्याची भाजी. ताट उंबऱ्यावर ठेवून तो वाकला, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. तीनदा. उठून भाकरी वाढली. आबांकडे बघितलं नाही, आबांनीही त्याच्याकडे बघितलं नाही. रांग पुढे सरकली.

गल्लीत दोन्ही बाजूंनी बोलणी. कुणी म्हणे नितीन बापाच्या पाया पडला. कुणी म्हणे छे, चीवराच्या पडला.

* * *

शिबिर संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चीवर उतरवून शर्ट-पँटमध्ये घरी आले. डोकं तुळतुळीत, मिशीची जागा पांढरी. ओसरीवर चढले नाहीत. भिक्षेला थांबायचे तिथेच, दारापुढे, हातात पिशवी धरून उभे राहिले.

रेखा आतून बाहेर आली, बघितलं, आणि परत आत गेली.

थोड्या वेळानं नितीन आला. उंबऱ्यावर उभा राहिला. त्यानं बापाच्या डोक्याकडे बघितलं, पायांकडे बघितलं.

"आता बोलायला बंदी नाही ना?" त्यानं विचारलं.

आबा म्हणाले, "तुला कवाच न्हवती."