पोलिसांसाठी कांदेपोहे

"हिलाच विचारा की," असं म्हणून भाऊजी बायकोकडे हात करायचे, आणि तिनं तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळे व्हायचे. चहा घेणार का, एवढं मी तिला विचारलं तरी हेच. "हिलाच विचारा. घेते ती. साखर कमी." ती हसून कप हातात घ्यायची. असा एखादा नवरा तुमच्याही ओळखीत असेल. नसेल तर घरातच जरा नीट बघा.

हैदराबादच्या जामबागेत आमच्या इमारतीत त्यांचा दरवाजा आमच्या समोर. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी. त्यांचं नाव मुद्दाम सांगत नाही. सगळ्या गल्लीला ते ठाऊक आहे आणि बाकीच्यांना सांगून काही उपयोग नाही. आजोबा नांदेडकडून निजामाच्या राज्यात पोटापाण्याला आलेले. भाऊजींचा जन्म इथलाच, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' चांगले मुरलेले होते. तरुणपणी ते मस्कतला एका कंपनीत हिशेब लिहायला गेले. तिथं त्यांचं अपेंडिक्स काढलं, आणि अपेंडिक्स तिकडं ठेवून त्या दवाखान्यातली फिलिपिन्सची नर्स घेऊन ते परत आले. बाकीचे लोक आखातातून टीव्ही आणतात, यानं नर्स आणली, असं गल्लीत बरेच दिवस बोललं जात होतं.

नर्सचं नाव मारिसेल. सासूनं तिला मराठी शिकवलं, डोक्यावर पदर शिकवला, मोठ्यांच्या पाया पडायला शिकवलं. हैदराबादी हिंदी ती भाजीवाल्यांकडून शिकली, आणि भांडताना तीच वापरायची. भांडणाचा विषय ठरलेला होता. भाऊजींना भाकरी लागायची आणि हिला तिन्ही वेळा भात. "भात कायको खायलीस सकाळी सकाळी," इथून सुरुवात व्हायची, आणि ते आमच्या भिंतीतून स्पष्ट ऐकू यायचं. भाऊजी मग बेगम बाजारातल्या आपल्या प्लास्टिकच्या बादल्यांच्या दुकानात निघून जायचे, आणि दुपारी डब्यात भाकरी निघाली की फोन करून तिचं कौतुक करायचे.

एका वर्षी तिच्या इथं राहण्याच्या परवान्याची मुदत संपणं आणि भाऊजींचं बायपास एकाच आठवड्यात आलं. परवाना नवऱ्याच्या भरवशावरचा, अर्जावर नवऱ्याची सही हवी. भाऊजींनी ती आडवं पडून, सलाइन लावलेल्या हातानं केली. ती सही इतकी वेडीवाकडी आली की मारिसेललाही ओळखू येईना. काम झालं, भाऊजीही घरी आले. मी भेटायला गेले तर त्या माणसाचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उतरलेला.

"वहिनी, ह्या वर्षी सही झाली. मी नसलो तर पुढच्या वर्षी कोण करायचं? घर हिचं, दुकान हिचं, आणि हिलाच म्हणतील, बाई, तुमचा माणूस नाही, आता निघा."

असं खरोखर कुणी म्हणतं का, मला माहीत नाही. पण भाऊजींच्या मनानं ते घेतलं आणि त्यांची झोप उडाली. मारिसेलला इथलं नागरिक करायचं, हा ध्यास लागला. त्यासाठी तिला तिकडचं नागरिकत्व सोडावं लागणार होतं. तिची आई तिकडे एका लहानशा बेटावर राहायची. म्हणजे यापुढे आईला भेटायचं तर व्हिसा काढायचा आणि आईच्या घरी परदेशी पाहुणी म्हणून जायचं. मारिसेल बरेच महिने काही बोलली नाही. मग एक दिवस भाऊजींना म्हणाली, भर दो अर्जी.

आता मुलाखत होणार हे कळल्यावर भाऊजींच्या डोक्यात बसलं की ती सामान्यज्ञानाची परीक्षा असणार. त्यांनी इमारतीला फर्मान काढलं, मारिसेल दिसली की प्रश्न विचारायचा. दूधवाला राष्ट्रीय पक्षी कोणता ते विचारून मगच पिशवी तिच्या हातात द्यायचा. खालच्या मजल्यावरच्या आजी दुसरं काही येत नसल्यामुळं रोज एकच प्रश्न विचारायच्या, आज वार कोणता. एकदा लिफ्ट बंद पडून नवराबायको दोघं आत अडकले. बाहेर आम्ही वॉचमनला हाका मारतोय, कुणी किल्ली शोधतंय, आणि आतून भाऊजींचा आवाज येतोय, गोदावरी कुठं उगम पावते? मग थोडी शांतता. मग पुन्हा भाऊजींचाच आवाज, त्र्यंबकेश्वर.

पुढं पोलीस ठाण्यातून फोन आला. चौकशीला माणूस घरी येईल, शेजारच्या दोघांना हजर ठेवा. आणि इथं भाऊजींनी ते केलं जे आपल्यातलाच माणूस करू शकतो. परकी माणसं घरी येतात, बाईला समोर बसवून प्रश्न विचारतात आणि निर्णय देतात, असा एकच प्रसंग त्यांना आयुष्यात ठाऊक होता. मुलगी बघण्याचा कार्यक्रम. पाठच्या सगळ्या बहिणींचे कार्यक्रम त्यांनी स्वतः सतरंज्या टाकून निभावले होते. अनुभव दांडगा.

त्यांनी सोफा खिडकीशी सरकवला, ती वरपक्षाची जागा. समोर आमच्या खुर्च्या. मला मुलीची मावशी केलं आणि आमच्या ह्यांना मामा. सुलतान बाजारातून मोतिया रंगाची साडी आली. कांदेपोहे करायचे ठरले, वर खोबरं आणि कोथिंबीर. मी म्हटलं, भाऊजी, तो पोलीस आहे, त्याला कागद दाखवायचे असतात. ते म्हणाले, "कागद तर सगळेच दाखवायलेत वहिनी. माणसं कशी हायत ते बघायला तो घरी यायलाय."

मी घरी जाऊन कांदे चिरायला घेतले.

साहेब आले ते साध्या वेशात, मोटरसायकलवरून, काखेत फाइल आणि हातात हेल्मेट. तेलुगू माणूस, वयानं मारिसेलपेक्षा बराच लहान. सोफ्यावर टेकले आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. मारिसेल डोक्यावर पदर घेऊन ट्रे घेऊन आली, ट्रे टीपॉयवर ठेवला, आणि सासूनं शिकवल्याप्रमाणं थेट साहेबांच्या पाया पडायला वाकली. साहेब दचकून उभे राहिले. हेल्मेट गडगडत सोफ्याखाली गेलं. ते काढायला आमचे हे आणि भाऊजी एकाच वेळी खाली वाकले आणि दोघांची डोकी आपटली. मुलीच्या मामाला टेंगूळ आलं.

"पोहे हिनंच केलेत," भाऊजी कपाळ चोळत हिंदीत म्हणाले.

साहेबांनी फाइल उघडून मारिसेलला नाव विचारलं. "इनकोच पूछो," असं म्हणत भाऊजींनी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं आणि उंचीही सांगितली. उंची कुणी विचारली नव्हती. साहेब हळूहळू आजूबाजूला बघायला लागले होते. त्यांनी सोफा पाहिला, समोरची आमची रांग पाहिली, पोह्यांवरची कोथिंबीर पाहिली. मग माझ्याकडे वळून विचारलं, हे दोघं खरंच एकत्र राहतात का.

माझी वेळ आली होती. मी चांगलं सांगायचं ठरवलं होतं, पण ऐनवेळी खरं तेच तोंडातून गेलं.

"रहते ना साहब. रोज झगड़ते. दीवार में से पूरा सुनाई देता."

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी मात्र ते लिहून घेतलं आणि भांडण कशावरून होतं ते विचारलं. मी भाताचं सांगितलं. त्यांचं पेन थांबलं. भाऊजींना ओलांडून त्यांनी थेट मारिसेललाच विचारलं, तीन टाइम चावल? ती म्हणाली, हौ, अचार के साथ. साहेबांनी भाकरीवाल्या भाऊजींकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि तेलुगूत म्हणाले, "मन अम्माये." म्हणजे आपलीच मुलगी आहे. मग त्यांना एकदम हसू फुटलं. आमच्याकडं मुलगी बघण्याला पेळ्ळिचूपुलु म्हणतात, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या लग्नाच्या वेळीही सोफा असाच खिडकीशी लावला होता. त्यांनी पोह्यांची दुसरी प्लेट मागून घेतली.

निघताना भाऊजींनी हात जोडून विचारलं, फिर क्या समझे साब? साहेबांनी हेल्मेट चढवलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "घर जाके खबर करते, अंकल."

तेलुगू घरांतून मुलगी बघून निघताना पाहुणे असंच म्हणतात, आणि त्या भल्या माणसानं गंमत केली होती. पण भाऊजी मटकन सोफ्यावर बसले. मुलगी बघून गेलेले लोक 'कळवतो' म्हणाले की काय समजायचं असतं, हे मी मराठी वाचकांना सांगायला नको.

"नकार आला, वहिनी. हेल्मेट पडलं तवाच मी समजलो."

पुढचे कितीतरी दिवस ते अर्ध्या जेवणावरून उठायचे. पोह्यांत मीठ कमी होतं, साडी मोतिया नको होती, मावशीनं भांडणाचं सांगायला नको होतं. मी दोनदा माफी मागितली. मारिसेल एकदाच म्हणाली, दो प्लेट खाया आदमी, और क्या होना. पण त्यांना ते पटेना. पाहुण्यांपुढं हात जोडून उभा राहिलेला तो माणूस मनातून खचला होता. हसू आलं तरी मला त्यांची फार दया यायची.

मग कलेक्टर ऑफिसातून मुलाखतीचं बोलावणं आलं. म्हणजे ठाण्याचा अहवाल चांगलाच गेला होता. भाऊजींचा त्या कागदावर विश्वास बसेना. मुलाखतीला मी झेरॉक्सची पिशवी सांभाळायला बरोबर गेले. टेबलामागे चष्मा लावलेल्या एक मॅडम होत्या. त्यांनी मारिसेलला जन्मगाव विचारलं, भाऊजींनी सांगितलं. किती वर्षं इथं राहता, भाऊजींनी सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला आणि भाऊजींना विचारलं, अर्ज तुमचा आहे का? त्यांना बाहेर बसवण्यात आलं. दाराला काचेची पट्टी होती. तिच्यात त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता आणि ओठ हलत होते.

मॅडमनी राष्ट्रीय पक्षी विचारला नाही, नदीही विचारली नाही. त्यांनी एवढंच विचारलं की तुम्हाला तुमचा देश सोडावा लागेल, परत सहज मिळणार नाही, हे कळतंय ना? मग का सोडता?

मारिसेलनं दाराकडं एकदा पाहिलं. म्हणाली, "मेरेकू कुछ नै होना मॅडम. मैं जैसी हूँ वैसी ठीक. इनकू नींद नै आती. मेरे बाद इसका क्या, बोल के रात रात बैठते. ये कागज मिला तो सोता आदमी."

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी सही केली आणि दार उघडायला सांगितलं.

बाहेर भाऊजींनी तिला धरलंच. काय विचारलं? गोदावरी विचारली का?

"हौ," मारिसेल म्हणाली. "गोदावरी."

तो माणूस इतका खूश झाला की रस्त्यात ऑटोवाल्यालाही त्यानं सांगितलं, मी हिला लिफ्टमध्ये शिकवलेलाच प्रश्न आला. जामबागेत पेढे वाटले. आठवडाभर गल्लीत गोदावरीशिवाय विषय नव्हता. मी गप्प राहिले आणि दोन पेढे खाल्ले.

पुढं शपथ झाली, प्रमाणपत्र आलं. भाऊजी खरंच झोपायला लागले. मारिसेल कौतुकानं तक्रार करायची की आता हे घोरतात आणि मी जागी. पुढच्या उन्हाळ्यात ते दुपारी जेवून आडवे झाले, आणि ती चहाला उठवायला गेली तर उठले नाहीत. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. मारिसेल रडली नाही. तिनं नर्सच्या सवयीनं त्यांची नाडी पाहिली, चादर सारखी केली आणि आमचं दार वाजवलं. बारावं-तेरावं झालं, नंतर ती स्वतः दुकानात बसायला लागली, तरी तिच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नाही.

मध्यंतरी ती व्हिसा काढून आईला भेटून आली. शमशाबादला विमानतळावर तिला आणायला मी गेले होते. ती बाहेर आली ती डोळे सुजवूनच. गाडीत बसल्यावर सांगायला लागली. उतरल्यावर सवयीनं ती परदेशी लोकांच्या रांगेत उभी राहिली. पूर्वी दोघं परत यायचे तेव्हा भाऊजी आपल्या रांगेतून लवकर सुटून पलीकडे तिची वाट बघत थांबायचे, आणि थांबल्या जागेवरून खिडकीतल्या माणसाला खुणा करायचे. या वेळी पलीकडे कुणी नव्हतं. तिची पाळी आली. खिडकीतल्या साहेबानं पासपोर्ट पाहिला, तिचा चेहरा पाहिला, पुन्हा पासपोर्ट पाहिला.

"अम्मा, ये बाहर वालों की लाइन है," तो म्हणाला. "आप उधर जाओ, अपने लोगों में."

ती बॅग ओढत तिकडच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि तिथं तिला रडू फुटलं. भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा. पुढची बाई घाबरली, तिनं पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, क्या हुआ अम्मा, कुछ गुम गया?

"मैं क्या बोलूँ अक्का," मारिसेल मला म्हणाली. "मैं बोली, मेरा आदमी मेरेकू इस लाइन में खड़ा करके गया."