मैनाबाईची जागरणं

बालाघाटकडच्या लालबर्रा गावाच्या आसपास कुठंही लग्न निघालं की पहिला निरोप आचाऱ्याला जायचा आणि दुसरा मैनाबाईला. मांडवात पाहुणे वाट्टेल तसे लवंडलेले असायचे, आणि मैनाबाई तेवढी नवरीच्या दागिन्यांच्या पेटीला टेकून टक्क जागी. "मैनाबाई बसली हाये ना, मंग काय फिकीर," असं लोक म्हणायचे आणि खुशाल पाय पसरायचे. एवढी जागरूक बाई साऱ्या तहसिलीत नाही, असा तिचा लौकिक होता.

लौकिकाचं खरं कारण तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. बाई घोरायची.

नवी नवरी होऊन आली तेव्हा सासूनं भरल्या पंगतीत सांगून टाकलं होतं, "सुनेसंगं राईस मिल बी आली वो घरात!" पंगत हसली. नवरा दादाजी सगळ्यांत मोठ्यानं हसला. आता या दादाजीचं स्वतःचं घोरणं असं की छपरावरची कवेलू जागची हलावीत. पण ती पुरुषाची झोप. राबून आलेल्या माणसाला गाढ झोप लागते म्हणून उलट त्याचं कौतुक. शेतात दोघंही राबायची, घरी येऊन चुलीपुढं बसायची ती एकटी मैनाबाई. तरी घोरण्याचा हक्क शेतीच्या पट्ट्यासारखा दादाजीच्याच नावावर. बाई घोरली की ते माहेरचं वळण. त्या दिवसापासून चारचौघांत मैनाबाईनं डोळ्याला डोळा लागू दिला नाही. दादाजी वारला, सासू गेली, पण ती पंगत काही मैनाबाईच्या कानातून गेली नाही.

मुलगा हेमराजची पोर राखी दुसरीत गेली आणि शाळेतून बोलावणं आलं. रीना मॅडमनी सुनेला, रूपालीला, समोर उभं करून सुनावलं, "बच्ची एक जगह बैठती नहीं. पढ़ाई में ध्यान ही नहीं. दिवाली तक देखेंगे, नहीं तो टीसी ले जाइए."

घरात उपायांना ऊत आला. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. रूपालीनं बदाम भिजवले. हेमराजनं पोरीच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि स्वतः बघत बसला. राखीच्या उकवा गावच्या मामानं फोनवरून कळवलं की दोन ठेवून द्या. त्याही दिल्या. राखी रडली, नाक पुसलं आणि पुन्हा पलंगावरून उड्या मारू लागली. सगळ्यांना तिचा दिवस दिसत होता. रात्र कशी जाते हे विचारायची अक्कल एकालाही झाली नाही.

ती ठाऊक होती फक्त मैनाबाईला, कारण राखी आजीजवळ झोपायची. आणि राखी घोरायची. तोंड उघडं टाकून, आजीसारखीच. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा म्हातारी अंथरुणात उठून बसली. जे आपल्या वाट्याला आलं ते या लेकराच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, असं तिनं तिथंच ठरवलं. उपाय सोपा होता. आवाज निघाला की दंडाला चिमटा. पोरगी दचकायची, कूस बदलायची, पुन्हा आवाज, पुन्हा चिमटा. नातीची अब्रू राखण्यासाठी आजी रात्रभर पहाऱ्यावर. इतक्या मायेनं कुणी कुणाच्या झोपेचं वाटोळं केलं नसेल.

शेवटी रूपाली हट्टाला पेटली आणि सासू-सून दोघी राखीला घेऊन बालाघाटला लेकरांच्या डॉक्टरकडे गेल्या. तिथं एक पेशंट आत असताना पुढचा दारातच उभा राहतो आणि आतलं सगळं ऐकतो, ही रीतच आहे. दारात नातवाला घेऊन कोण उभी असावी, तर इमलाबाई. जिल्ह्यातल्या अर्ध्या सोयरिकी हिनं जुळवलेल्या आणि उरलेल्या मोडलेल्या.

डॉक्टर सांगत होते, "खोडकर म्हणण्याआधी शरीर बघू. अंगात रक्त कमी असेल, ऐकू कमी येत असेल, झोप पुरी होत नसेल, तरी लेकरू असं वागतं. झोप झाली नाही की मोठा माणूस पेंगतो. लेकरू कधीकधी नाचत सुटतं. घोरते का ही?"

"तुमच्याजवळ झोपते ना, आई?" रूपाली सासूकडे वळली.

मैनाबाईनं दाराकडे पाहिलं. राखीच्या लग्नाला अजून कैक वर्षं होती, पण इमलाबाईची आठवण त्याहून लांब टिकणारी.

"नाही जी," मैनाबाई ठणकावून म्हणाली. "आमच्या घरच्या पोरी नाही घोरत."

डॉक्टरांनी कान तपासले, रक्त तपासायला पाठवलं. कानात काही नव्हतं, रक्तही ठीक निघालं. मग ते म्हणाले, "बसा बाहेर. नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, चिठ्ठी देतो." मैनाबाईच्या मनात आलं, आता पोरीला लोक येडी म्हणणार. तरी खरं काय ते न सांगता ती पोरीला घेऊन बाहेर निघाली. अब्रू फार जड वस्तू आहे, एकदा डोक्यावर घेतली की मान हलत नाही.

बाहेरच्या बाकावर दुपारच्या उकाड्यात राखी आजीच्या मांडीवर झोपली, आणि लागली घोरायला. बाकावरची माणसं वळून पाहू लागली.

"कोन घोरून राह्यलं वो?" नातवाच्या रिपोर्टची वाट बघत बसलेल्या इमलाबाईनं मान लांब केली.

मैनाबाईचा हात सवयीनं दंडाकडे गेला. तेवढ्यात आवाज थांबला. श्वासही थांबला. पोरीची छाती नुसतीच ओढत राहिली, मग धसका बसल्यासारखा श्वास आला. आणि आजीची बोटं टेकायच्या आतच राखीनं झोपेतच आपला हात अंगाखाली ओढून घेतला. बाही वर सरकली. उजेडात मैनाबाईला दिसले ते डाग, जुने हिरवट, नवे निळे, सगळे तिच्याच बोटांचे. म्हातारीला स्वतःची किळस आली.

"डॉक्टरसाहेब!" ती ओरडली. "इकडं या, ऐका! माही नात घोरते. रोज घोरते, श्वास अडकते तिचा. मीच लपवलं. अन् इमलाबाई, मी बी घोरतो, ऐकून ठेव."

डॉक्टर बाहेर आले, वाकून ऐकत राहिले. "नाकामागची गाठ वाढलेली असू शकते. चिठ्ठी आता नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना देतो. तिथं दाखवा आधी. मगाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"पोरीची जात," इमलाबाईच उत्तरली. "सांगल कोन?"

"मी सांगतलं ना," मैनाबाई म्हणाली. तिनं राखीची बाही खाली ओढली आणि हात तसाच दंडावर ठेवला. "आता चूप बसा सारे. झोपू द्या तिले."