रेडिएटरात हळद

"वायच दम खाऊंदे तिका," काकी म्हणायची आणि गाडीचं बॉनेट उघडून, साडीचा पदर खोचून, शांतपणे मिरचीच्या पोत्यावर जाऊन बसायची. बॉनेटमधून वाफ निघत असायची, मागे टॅक्सीवाले हॉर्न मारत असायचे, आणि काकी पोत्यावर बसून दात कोरत असायची. गाडीला दम लागला होता. तिने तो खाईपर्यंत मुंबईने थांबायचं होतं.

काकी लालबागला आमच्याच चाळीत, तळमजल्यावर राहायची. मसाल्याचा धंदा. मिरच्या भाजून कुटायच्या, मसाला पिशव्यांत भरायचा आणि गिरगावातल्या दुकानांना सकाळी पोचवायचा. त्यासाठी तिच्याकडे एक जुनी, लांबलचक डिझेल गाडी होती. मूळची माणसं न्यायची; काकीने मागची बाकडी काढून तिथे पोती भरली. रंग एके काळी पांढरा होता म्हणतात. मी पाहिली तेव्हा गाडी आतून-बाहेरून पिवळट तांबूस झाली होती, फोडणी दिल्यासारखी.

मी ठाकूरद्वारला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करतो. वाट एकच, म्हणून काकी मला रोज गाडीत घ्यायची. बसने गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. पण काकीला नाही म्हणणं चाळीत कुणाला जमलं नव्हतं. शिवाय मी बसलो नाही तर तिसरा गिअर कोण धरणार, हाही प्रश्न होता.

जुन्या गाड्यांचा हा आजार तुम्हालाही ठाऊक असेल. गिअर टाकला तरी जागेवर राहत नाही, आपोआप निसटतो. काकीच्या गाडीत तो तिसऱ्याला जडला होता. त्यामुळे चिंचपोकळीचा पूल उतरलो की ती पुढे बघतच सांगायची, "तिसरो इलो. धर." मग मी दोन्ही हातांनी तो दांडा दाबून धरायचा, थेट भायखळ्यापर्यंत. माझ्या बाजूचं दार आतून उघडत नसे. उतरायचं झालं की खिडकीतून हात काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवायचं, दादा, जरा दार उघडता का. ठाकूरद्वारच्या नाक्यावरचे निम्मे लोक माझ्या ओळखीचे झाले ते या दारामुळे.

स्टिअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न वाजायचा. उजवीकडे वळवलं की नाही. वाटेत एक हॉस्पिटल होतं आणि नेमकं तिथेच डावं वळण. शांतता राखा, अशा पाटीखालून आम्ही रोज बोंबलत जायचो. काकी तेवढ्यापुरती मान खाली घालायची. एकदा तिथल्या वॉचमनने गाडी अडवली तर काकीने त्याला समजावलं की गाडी देवभोळी आहे, हॉस्पिटल दिसलं की आजाऱ्यांसाठी गाऱ्हाणं घालते. वॉचमन मालवणचा निघाला. दुसऱ्या दिवसापासून तो वळणावर उभा राहून आम्हाला आधीच हात करू लागला, म्हणजे हॉर्न त्याच्यासाठीच वाजवला असं इतरांना वाटावं.

हँडब्रेक होता, पण नुसता शोभेला. चढावर गाडी उभी करायची तर मागच्या चाकाखाली काकी वरवंटा लावायची. रेडिएटरला भोक पडलं तेव्हा मेकॅनिकने नवीन टाकायला सांगितलं. काकीने त्यात मूठभर हळद टाकली. तुम्ही हसाल, मीही हसलो होतो. पण हळद जाऊन त्या भोकात बसली आणि गळती थांबली, जुने ड्रायव्हर हा उपाय करतात म्हणे. फरक एवढाच, की त्यानंतर गाडी तापली की आसपास वरणाचा वास सुटायचा. एकदा भायखळ्याला आम्ही असेच वाफाळत उभे असताना एक गृहस्थ फुटपाथवर थबकले आणि इथे जेवणाची थाळी कुठे मिळते म्हणून विचारू लागले. काकीने त्यांना गाडी ढकलायला लावली आणि मग खानावळ दाखवली.

ढकलणं हा रोजचाच कार्यक्रम. बॅटरी थकलेली, स्टार्टर त्याहून थकलेला. पण काकीला कधी माणसं बोलवावी लागली नाहीत. गाडी थांबली की फुलवाला, केळेवाली, इस्त्रीवाला असे सगळे आपापलं सोडून यायचे. ढकलता ढकलता केळेवालीच्या रुसून गेलेल्या सुनेचं, इस्त्रीवाल्याच्या गुडघ्याचं बोलणं व्हायचं. काकी खिडकीतून मान काढून सगळ्यांना सल्ले द्यायची. इंजिन धरलं की ती हात हलवायची आणि सल्ला अर्धवट राहायचा. उरलेला उद्या.

तिच्या मुलाला हे अजिबात पसंत नव्हतं. तो नवा टेम्पो घेऊया म्हणून मागे लागला होता. शेवटी दोघांचं ठरलं: जुन्या गाडीचं पासिंग करून बघायचं. पास झाली तर मुलाने गप्प बसायचं, नापास झाली तर गाडी भंगारात.

पासिंगच्या दिवशी गिअर धरायला मी रजा घेऊन आरटीओत गेलो. काकीने गाडी धुतली होती, पुढे झेंडूचा हार घातला होता. तपासणीचे साहेब तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी हॉर्न वाजवायला सांगितला. काकीने स्टिअरिंग डावीकडे वळवलं. साहेबांनी वहीतून डोळे वर करून पाहिलं. मग ते स्वतः माझ्या जागेवर येऊन बसले, एकेक बटण दाबून पाहू लागले. मी ओरडणार होतो, पण उशीर झाला. त्यांनी ब्लोअर लावला.

इतक्या वर्षांत त्या ब्लोअरला कुणी हात लावला नव्हता. आत काय काय साठलं होतं ते एकदम बाहेर आलं. साहेब शिंकले, मी शिंकलो, मागच्या टॅक्सीवाल्यापासून रांगेच्या टोकापर्यंत शिंका पोचल्या. साहेब दाराशी झटत होते आणि ते दार आतून उघडणारं नव्हतं. काकीने बाहेरून जाऊन ते उघडलं, त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारलं आणि धीर दिला, "ब्याडगी आसा, सायबा. तिखट नाय."

साहेबांनी डोळे पुसले. रागावले नाहीत. एकही गोष्ट नीट चालत नाही, आजी, ही गाडी रस्त्यावर आणू नका, कुणाच्या तरी जिवावर बेतेल, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले. काकीलाही ते पटलं असावं, कारण ती भांडली नाही. झेंडूचा हार काढून तिने पिशवीत ठेवला.

परतताना मी नेहमीसारखा तिसरा धरून बसलो. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, की नवा टेम्पो आला की बरंच होईल, त्रास वाचेल.

"नवी गाडी घेतली तर माका ढकलूक कोण येतलो?" काकी म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही.

नवा टेम्पो आला. गिअर जागेवर राहायचा, त्यामुळे माझ्या हातांना काम उरलं नाही. मी ते मांडीवर ठेवून बसू लागलो. दार आतून उघडायचं. नाक्यांवरून आम्ही सुसाट जायचो. केळेवाली हात वर करायची, तो वर होईपर्यंत आम्ही पुढे गेलेले असायचो. तिच्या सुनेचं पुढे काय झालं ते काकीला कळेना. मुलगा मात्र खूश होता. माझा शेठही खूश होता, कारण मी वेळेवर येऊ लागलो आणि डोळे तपासणाऱ्याचेच डोळे लाल का, असं गिऱ्हाईक विचारेनासं झालं.

मग एका सकाळी भायखळ्याला, केळेवालीच्या हातगाडीसमोर, टेम्पो बंद पडला. काकी किल्ली फिरवून फिरवून थकली आणि तिने हात वर केले. सगळे धावले. मीही उतरलो. आम्ही जोर लावला. टेम्पो तसूभर हलेना. काकी खिडकीतून केळेवालीला सुनेबद्दल विचारत होती. सून परत आली होती, हे ऐकून तिला बरं वाटलं. इस्त्रीवाला धापा टाकत म्हणाला, काकी, ही तर जुनीपेक्षा जड आहे.

मला शंका आली म्हणून मी पुढे जाऊन आत डोकावलो. हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता. किल्ली काकीच्या मांडीवर होती. काकीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मग मी मागे गेलो आणि सगळ्यांबरोबर टेम्पोला खांदा लावला.

बोलणं संपल्यावर टेम्पो आपोआप बरा झाला.

त्यानंतर तो आठवड्यातून एकदा तरी बिघडायचा, कधी भायखळ्याला, कधी गिरगावात फणसवाडीच्या तोंडाशी. मुलाने कंपनीकडे तक्रारही केली. त्यांना काही सापडेना.

पुढे काकीचे गुडघे गेले, क्लच दाबवेना. धंदा मुलाकडे आला आणि काकीने कणकवलीजवळच्या आपल्या गावी जाऊन राहायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मुलगा तिला टेम्पोनेच सोडणार होता. मी कामावर निघालो होतो. काकीने मला आत बस म्हणून सांगितलं. आता लालबागहून कोकणात जायचं तर माणूस पनवेलचा रस्ता धरतो. ठाकूरद्वार बरोबर उलट्या दिशेला. हे मुलाने सांगितलं, मीही सांगितलं.

"ह्याका आधी सोडूया," काकी म्हणाली, आणि पुढे बघत बसली.

पुढच्या सीटवर आम्ही तिघे दाटीवाटीने बसलो. भायखळ्याला तिने टेम्पो थांबवायला लावला. केळेवालीला तिने दसऱ्याला येते म्हणून सांगितलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. ती येणार नव्हती.

ठाकूरद्वारला मी उतरलो. वाकून पाया पडायला गेलो तर दाराची कड डोक्याला लागली. काकीने माझं डोकं चोळलं.

"आज वेळेर पोचलस," ती म्हणाली. "जा."

टेम्पो वळून, आल्या वाटेनेच, पुन्हा लालबागच्या दिशेने गेला. दुकानाचं शटर अजून बंद होतं. मी पायरीवर बसून राहिलो.