लाल दातांचा नवस

हसणार नसाल तर सांगते. नाहीतर हसा, त्या दिवशी अख्खी शाळा हसलीच होती. सिंगापुरात माझी सगळ्यात मोठी फजिती झाली ती सईच्या हिरड्यांवरून.

तेव्हा आम्ही बिशानला राहायचो. हे बोटीवर नोकरीला, घरात मी आणि दुसरीतली सई. एक दिवस पोर शाळेतून आली, हसली, आणि माझ्या हातातली पोळी तव्याऐवजी ओट्यावर पडली. दात, हिरड्या, सगळं लालभडक!

"अगं, रक्त कसलं हे?"

"रक्त नाही गं आई. डेंटल नर्सनं गोळी चावायला दिली. उद्या परत चेकिंग. क्लीन असेल तर बॅज. आता मस्ट ब्रश लाह." तिथल्या पोरांसारखं तीही वाक्याला 'लाह' जोडायची.

कोणती आई ऐकेल, सांगा? मी ठरवूनच टाकलं: हिरड्या बिघडल्यात, गोळी त्याच्यावरच दिलीय, आणि मी घाबरेन म्हणून पोर लपवतेय. हिरड्या आणखी सोलवटतील म्हणून ब्रश थेट देव्हाऱ्यामागे लपवला. हिरड्यांना हळद-मीठ चोळलं. बॅज जाईल म्हणून सई रडरड रडली. मी गणपतीला हात जोडले, पोरीच्या हिरड्या बऱ्या कर, पेढे वाटीन. दातांसाठी पेढे! देवालाही हसू आलं असेल.

सकाळी दात लालाचे केशरी झालेले. तिला घेऊन शाळेतल्या दवाखान्यात गेले. नर्सबाई चिनी, मायाळू, पण नजर करडी. दातांवरची घाण दिसावी म्हणून तो रंग असतो, नीट घासलं की जातो, हे तिनं मला सावकाश समजावलं. मग विचारलं, ब्रश नको म्हणून कोणी सांगितलं? सईनं नुसतं माझ्याकडे बोट केलं.

बाहेर पावसाच्या पाण्याच्या स्वच्छ, उघड्या गटाराकाठी मुलं ओळीनं उकिडवी बसून दात घासत होती. नर्सनं सईला नवा ब्रश देऊन त्यांच्यात बसवलं. आली ती मोत्यासारखे दात घेऊन. बॅज मिळाला!

मी नमस्कार करून निघणार, तेवढ्यात नर्सनं गोळी माझ्यापुढे धरली. "मम्मी, यू ऑल्सो."

नाही कशी म्हणणार? आणि नेमकी एकादशी. त्या दिवशी दात घासायचे नाहीत, नुसत्या चुळा भरायच्या, ही आमच्या माहेरची रीत. उपासाला गोळी चालते का, हेसुद्धा सुचलं नाही. चावली. आरशात पाहते तर सई बरी म्हणायची.

ओळीतली मुलं फिदीफिदी हसत सरकली, आणि बघता बघता वर्गांच्या खिडक्यांतूनही हसू फुटलं. साडी सावरून मीही उकिडवी बसले.

सई बॅज लावून वर्गात गेली. मला मात्र पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायला बोलावलं.